झरा, बाटली आणि शेजाऱ्याची तहान



‘नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये’ अशी आपल्याकडे म्हण आहे. ऋषीच्या कुळाचे राहू द्या, पण आपण रोज जे पाणी पितो त्याचे मूळ मात्र ख्रिस्ती माणसाने अधूनमधून शोधायला हवे असे वाटते. त्या मुळाशी कधी देवाची देणगी सापडते, कधी कुणाचा नफा, तर कधी कुणाचे अश्रू.

पावसाळा लागला की आपल्या धर्मग्रामातील अनेक कुटुंबे रविवारची मिस्सा आटोपून मावळात किंवा भीमाशंकरच्या वाटेला फिरायला जातात. डोंगरातून फुटलेला झरा दिसला की गाडी थांबते आणि डिकीतला कॅन बाहेर येतो. “बाटलीतले पाणी कंपनीचे, हे देवाघरचे,” असे कुणीतरी हमखास म्हणते. त्याच कुटुंबात पुढच्या महिन्यात बाळाचा स्नानसंस्कार असतो आणि जेवणाच्या टेबलावर २०० मिलीच्या सीलबंद बाटल्या ओळीने मांडल्या जातात. दोन घोट पिऊन अर्ध्या तशाच राहतात. घरात मात्र रोजच्यासाठी वीस लिटरचा जार असतो. एकाच घरात अशी तीन पाणी!

यातले कोणते पाणी प्यावे? हा प्रश्न आपण सहसा डॉक्टरांना विचारतो, कधी खिशाला विचारतो. आज तो जरा सदसद्विवेकबुद्धीला विचारू या. झऱ्याचे पाणी पिणारा माणूस बाटलीचे पाणी पिणाऱ्यापेक्षा अधिक बरोबर वागतो का? आणि तसे असेल, तर ते कशामुळे?

झरा काय शिकवतो

आपला सह्याद्री ज्वालामुखीच्या लाव्हारसाचे थरावर थर साचून झाला आहे. त्यातले काही थर भेगाळलेले व सच्छिद्र, तर काही एकसंध काळ्या कातळाचे. पावसाचे पाणी माती, मुरूम आणि सच्छिद्र खडकातून खाली झिरपते, कातळ लागला की अडते आणि आडवे वाहू लागते. जिथे डोंगराचा उतार त्या थराला छेदतो, तिथे ते बाहेर पडते. त्यालाच आपण झरा म्हणतो. जुन्या लोकांना हे पुस्तकाशिवाय कळत होते. आपल्या नाशिक रस्त्याने पुढे गेले की जुन्नरला शिवनेरी आहे. तिथली गंगा-जमुना ही टाकी पाहा. सिंहगडावरचे देवटाकेही असेच प्रसिद्ध. महात्मा गांधी पुण्यात आले की त्या टाक्याचे पाणी मागवत असे सांगतात.

झऱ्याचा पहिला धडा असा की पाणी आपण तयार करत नाही, ते आपल्याला मिळते. त्याला बिल नाही, कुलूप नाही. दुसरा धडा असा की झऱ्याला ‘वर’ आणि ‘खाली’ असते. वर कुणी झाडे तोडली, गुरे बांधली, शौचालयाचा खड्डा खणला, तर त्याचे फळ खालच्याला भोगावे लागते. म्हणजे झऱ्यावर ओंजळ धरणारा माणूस वरच्या माणसाच्या भरवशावर असतो. तो भरवसा सांभाळणे हेच शेजारधर्माचे पहिले पाऊल.

परंतु इथेच एक भाबडेपणाही शिरतो. झऱ्याचे पाणी नितळ असते म्हणून ते निर्मळही असते, असे आपण धरून चालतो. पावसाळ्यात फुटणाऱ्या अनेक झऱ्यांचे पाणी खडकातून अगदी थोडा प्रवास करून बाहेर येते. मातीतून गाळले जायला त्याला पुरेसा वेळच मिळत नाही. वरच्या सड्यावर वस्ती किंवा गोठा असेल, तर डोळ्यांना न दिसणारे जंतू त्या थंडगार घोटाबरोबर पोटात जातात.

१८५४ साली लंडनमध्ये पटकीची मोठी साथ आली. ब्रॉड स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर एक सार्वजनिक पंप होता आणि त्याच्या विहिरीच्या पाण्याची चव लोकांना फार आवडे. पूर्वी त्या भागात राहिलेली एक विधवा बाई आता दूरच्या हॅम्पस्टेडला राहत होती. तिथे पटकीचे नावही नव्हते. पण त्या चवीच्या ओढीने ती या पंपाचे पाणी बाटलीत भरून रोज मागवत असे. पटकीने ती गेली. डॉ. जॉन स्नो यांनी रोग पाण्यातून पसरतो हे दाखवून दिले, त्यात या बाईच्या बाटलीचा पुरावा महत्त्वाचा ठरला. लांबचे उदाहरण नको असेल तर जवळचे घ्या. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागांत गुइलेन-बॅरे या आजाराची साथ आली. दोनशेच्या आसपास माणसे आजारी पडली, काही दगावली. संशयाची सुई पाण्याकडे वळली. रुग्णांच्या तपासणीत दूषित अन्नपाण्यातून पसरणारा जंतू सापडला. त्या वेळी महापालिकेने विहिरीचे पाणी तपासले आणि खासगी आरओ प्रकल्पही बंद केले.

तेव्हा ‘निसर्गाचे ते सगळे चांगले’ हे काही श्रद्धेचे कलम नाही. झरा देवाची देणगी आहे हे खरे, पण देवाने बुद्धीही दिली आहे. देणगी तपासून घेणे म्हणजे देवावर अविश्वास दाखवणे नव्हे.

लूर्डची गोष्ट आपल्याला पाठ आहे. २५ फेब्रुवारी १८५८ रोजी बर्नाडेटने गुहेत मातीत हात घातला, तेव्हा आधी नुसता चिखलच वर आला. आज तिथे येणाऱ्या लाखो यात्रेकरूंना तेच पाणी नळांतून फुकट मिळते. त्याच वर्षी त्या पाण्याची रासायनिक तपासणी झाली आणि ते साधे पिण्याजोगे पाणी असल्याचे निष्पन्न झाले. ख्रिस्तसभेने ते कधी लपवले नाही. पाण्यात वेगळे काही औषध नव्हते आणि त्याला किंमतही लावली गेली नाही, या दोन्ही गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

बाटलीत काय असते

आता बाटलीकडे वळू. आपल्या देशात बाटलीबंद पाण्याची विक्री १९६५ च्या सुमारास मुंबईत सुरू झाली. बिस्लेरी हे नाव एका इटालियन गृहस्थाचे. पुढे १९६९ मध्ये पार्लेच्या चौहान कुटुंबाने तो धंदा विकत घेतला. पाणी विकत घेऊन कोण पिणार, असे तेव्हा लोक हसून म्हणत. आज न हसता आपण सगळेच ते विकत घेतो.

बाटलीवर बर्फाच्या डोंगराचे चित्र असले, तरी आपल्याकडच्या बहुतेक बाटल्यांत झऱ्याचे पाणी नसते. सरकारी मानकांत दोन वेगळे प्रकार आहेत. नैसर्गिक झऱ्याचे किंवा भूगर्भातले खनिजयुक्त पाणी एका मानकात (आयएस १३४२८) आणि बोअरवेलचे, नळाचे वगैरे पाणी शुद्ध करून भरलेले दुसऱ्या मानकात (आयएस १४५४३). आपण दुकानात घेतो ती बाटली बहुधा दुसऱ्या प्रकारची असते. लेबल वाचून पाहावे.

ही बाटली म्हणजे फसवणूकच, असेही म्हणता येणार नाही. २००१ पासून २०२४ पर्यंत तिच्यावर आयएसआय चिन्ह सक्तीचे होते, त्यामुळे पुष्कळ सुधारणा झाली. फेब्रुवारी २००३ मध्ये दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट’ या संस्थेने नामांकित बाटल्यांत कीटकनाशकांचे अंश दाखवून दिले, त्यानंतर निकष आणखी कडक झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने बाटलीबंद पाण्याला जास्त जोखमीच्या पदार्थांच्या यादीत टाकले, म्हणजे त्याची तपासणी अधिक काटेकोर व्हावी. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथल्या बाटल्यांतील पाणी तपासले. एका लिटरमध्ये प्लास्टिकचे सरासरी सुमारे २,४०,००० अतिसूक्ष्म कण निघाले. त्यांचा शरीरावर नेमका काय परिणाम होतो याचा अभ्यास अजून चालू आहे. घाबरून जायचे कारण नाही, पण ‘सीलबंद म्हणजे निर्धोक’ हेही श्रद्धेचे कलम नाही एवढे त्यातून कळते. सीलबंद नसलेला थंड पाण्याचा जार तर या मानकांच्या चौकटीबाहेरच राहत आला आहे. तो कुठे भरला, कशाने धुतला, हे आपल्यापैकी किती जणांनी जाऊन पाहिले आहे?

बाटलीचा दुसरा हिशेब पैशांचा. लिटरला वीस रुपये धरले, तर हजार लिटर पाण्याचे वीस हजार रुपये होतात. आपल्या नळपट्टीच्या बिलावर हजार लिटरला काय दर लावला आहे, तो शेजारी लिहून पाहा. जो हातावर पोट असलेला मजूर आपल्या मोशीत पत्र्याच्या खोलीत राहतो आणि पहाटे चाकणच्या कंपनीत कंत्राटी कामाला जातो, त्याने हा भाव कसा द्यायचा?

आणि तिसरा हिशेब आपल्या अंगणातलाच. पिंपरी-चिंचवड शहराचा कचरा गेली तीसहून अधिक वर्षे आपल्या मोशीच्या डेपोत येतो आहे. वारा फिरला की त्याची वर्दी आपल्याला मिळते. आपली रिकामी बाटली पुष्कळदा कचरावेचक भगिनींच्या हातून भंगारात जाते, जी सुटते ती डेपोत, नाल्यात किंवा इंद्रायणीत. कुठल्याशा हॉलमध्ये दोन घोट पिऊन ठेवलेल्या बाटलीचा शेवट शहरात दुसऱ्या कुणाला दिसो न दिसो, आपल्याला दिसतो.

जुना पाणवठा सगळ्यांचा होता का?

इतके वाचून कुणी म्हणेल, जुने तेच सोने. झरे, आड, विहिरी बऱ्या होत्या. पाणी फुकट होते, रांजण भरलेला होता, वाटसरूला कुणी नाही म्हणत नसे.

खरोखर कुणी नाही म्हणत नव्हते का? आपल्यापैकी कितीतरी जणांचे आजे-पणजे नगर जिल्ह्यातल्या गावांतून आले. त्यांना विचारायला आज ते हयात नाहीत, पण घरोघरी त्या आठवणी आहेत. विहिरीपासून दूर उभे राहायचे, कुणी दया येऊन वरून ओतले तर ओंजळीत घ्यायचे. ज्या पाणवठ्याला आपण आज हळवे होऊन ‘नैसर्गिक’ म्हणतो, तिथे गुरांना मज्जाव नव्हता, माणसांना होता. म्हणूनच १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेव्हा केवढा गहजब झाला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या हजारो अनुयायांसह महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि त्यांनी ते पाणी प्यायले. त्या हक्काचा निकाल मुंबई उच्च न्यायालयातून लागायला १९३७ उजाडले. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे! आणि हा भेद आपल्या ख्रिस्ती दारात कधी आलाच नाही, असे छातीठोकपणे म्हणायची आपलीही हिंमत नाही.

शमरोनी स्त्रीची गोष्ट या संदर्भात पुन्हा वाचावी (योहान, अध्याय ४). यहुदी माणूस शमरोनी माणसाच्या भांड्याला शिवत नसे. प्रभू येशू भर दुपारी याकोबाच्या विहिरीवर बसला आणि त्याने त्या बाईकडेच पाणी मागितले. जिवंत पाण्याविषयीचे सारे मोठे बोलणे नंतर आले. आधी त्याने तिच्या भांड्यातून प्यायची तयारी दाखवली. तिला धक्का बसला तो याचाच.

तर हिशेब असा आहे. जुना पाणवठा जात विचारत होता. बाटली जात विचारत नाही, हा तिचा गुण मान्य केलाच पाहिजे, पण ती किंमत विचारते. दोन्हीकडे दारात एक पहारेकरी उभा आहे. माणसाला फक्त माणूस म्हणून पाणी मिळावे अशी एकच व्यवस्था आपल्या शहरात माणसांनी आजवर उभी केली, ती म्हणजे सार्वजनिक नळ. तो आजही सगळ्यांपर्यंत सारखा पोचत नाही, हे खरे आहे. पण तो सगळ्यांचा असावा, हे तरी तत्त्व म्हणून मान्य झालेले आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ‘लाउदातो सी’ या आपल्या विश्वपत्रात हेच सांगितले. शुद्ध पिण्याचे पाणी हा मूलभूत आणि सर्वांचा मानवी हक्क आहे, कारण त्यावाचून जगणेच अशक्य, आणि म्हणून पाण्याला बाजारातली वस्तू करणे गरिबांवर अन्याय करणारे आहे.

दाविदाने न प्यायलेले पाणी

पण थांबा. नळाचे पाणी तरी निर्दोष आहे का? त्याचेही मूळ शोधायला हवे.

शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात (अध्याय २३) एक प्रसंग आहे. दावीद लढाईत अडकला होता. बेथलेहेम शत्रूच्या ताब्यात होते. त्याला आपल्या गावच्या वेशीजवळच्या विहिरीच्या पाण्याची आठवण आली आणि ते कुणी आणून देईल तर बरे, असे तो सहज बोलून गेला. त्याचे तीन शूर सैनिक पलिष्ट्यांच्या छावणीतून वाट काढत गेले आणि पाणी घेऊन आले. दाविदाने मात्र ते प्यायला नकार दिला. ज्यांनी जीव धोक्यात घातला त्यांचे हे जणू रक्तच आहे, असे मानून त्याने ते परमेश्वरापुढे ओतले.

आपल्या शहराचे पाणी मुख्यतः मावळातल्या पवना धरणातून येते. नदीत सोडलेले पाणी रावेतच्या बंधाऱ्यावर उचलले जाते आणि निगडीच्या केंद्रात शुद्ध होते. ते थेट धरणातून बंद नळाने आणायची योजना आली, तेव्हा मावळचे शेतकरी विरोधात उतरले. ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊरजवळ आंदोलन झाले, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. त्यांत एक स्त्री होती. योजनेला दिलेली स्थगिती बारा वर्षांनी, २०२३ मध्ये उठवण्यात आली. अलीकडे आपल्या भागाला आंद्रा धरणाचे पाणी निघोजे येथे इंद्रायणीतून उचलून चिखलीच्या केंद्रामार्फत मिळू लागले. तिकडे भामा-आसखेडचे धरणग्रस्तही पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षे झगडत आले आहेत. कुणाची जमीन पाण्याखाली गेली म्हणून आपल्या टाकीत पाणी चढते.

मग आपणही दाविदासारखे हे पाणी ओतून द्यायचे का? नाही. लहान मुले, म्हातारी माणसे, रुग्ण यांना पाणी लागणारच. दाविदाची कृती आपल्याला वेगळे काही शिकवते. ज्या पाण्यामागे दुसऱ्याचा त्याग आहे, ते स्वतःच्या चैनीसाठी वापरायचा हक्क आपल्याला उरत नाही. ते अर्पण म्हणून हाताळावे लागते. पाइपने गाडी धुताना, टाकी भरून वाहत असताना आपण फक्त पाणी वाया घालवत नाही, मावळातल्या कुणाच्या तरी शेताची किंमत गटारात सोडत असतो.

यहेज्केलाच्या पुस्तकात (अध्याय ३४) देव पुष्ट मेंढरांना फटकारतो. तुम्ही स्वतः नितळ पाणी पिता ते पुरत नाही का, उरलेले पायांनी गढूळ कशाला करता, असा त्याचा जाब आहे. कुरवंडे गावाजवळ उगम पावणारी इंद्रायणी देहू, मोशी, आळंदी करत तुळापूरला भीमेला मिळते. आपण तिचे पाणी वरच्या अंगाला उचलतो आणि आपले सांडपाणी व कारखान्यांचे रसायन घेऊन ती खाली आळंदीला जाते. तिथे दूरदूरहून आलेले वारकरी तीर्थ म्हणून ओंजळ भरतात, तेव्हा नदीवर पांढरा फेस तरंगत असल्याची छायाचित्रे आपण वर्तमानपत्रांत पाहिली आहेत. त्या वारकऱ्याची श्रद्धा आपल्यापेक्षा वेगळी असेल, त्याची तहान वेगळी नाही.

बाटली घेणारी आई दोषी आहे का?

इथे एक शंका येणे साहजिक आहे. घरात तान्हे मूल आहे, नळाचे पाणी गढूळ येते आहे, शेजारी कावीळ झाली आहे, आणि आईने जार मागवला. तिने काय पाप केले? काहीही नाही. उलट तिचे कर्तव्यच तिने केले. प्रवासात, आजारपणात, पाण्याचा भरवसा नसेल तिथे बाटली घेणे योग्यच आहे.

दोष बाटलीत नसतो. तो सुरू होतो बाटलीनंतर. नोव्हेंबर २०१९ मध्ये शहराला दिवसाआड पाणी सुरू झाले, तेव्हा ज्यांना परवडत होते त्यांनी टँकर मागवले, मोठ्या टाक्या बांधल्या, जार लावले. आणि मग हळूहळू नळाची चौकशी करणे सोडून दिले. सोसायटीतल्या शिकल्यासवरल्या, अर्ज लिहिता येणाऱ्या, अधिकाऱ्याला भेटता येणाऱ्या माणसांनी स्वतःपुरती सोय केली की नळाशी उरतात ती ज्यांचे कुणी ऐकत नाही अशी माणसे. मग तो नळ सुधारणार कोण? आपली बाटली शेजाऱ्याचे पाणी चोरत नाही, पण त्याच्या बाजूने उठू शकणारा आपला आवाज मात्र बंद करते. हा तिचा खरा नैतिक दोष आहे.

आणि हाच दोष डिकीतल्या कॅनलाही लागू होतो, हे नीट समजून घेतले पाहिजे. गाडी असलेल्या माणसाने शंभर किलोमीटर जाऊन झऱ्याचे पाणी आणायचे आणि ‘आम्ही बाटलीचे पीत नाही’ म्हणून समाधान मानायचे, हीदेखील स्वतःपुरतीच सोय झाली. शिवाय त्या झऱ्यावर एखादी ठाकरवाडी उन्हाळ्यातही जगत असेल, तर आपण रांगेत कितवे, हे आधी विचारले पाहिजे. झऱ्याचे पाणी प्यायल्याने कुणी आपोआप पुण्यवान होत नाही.

झरा जन्माला घालता येतो

मग झऱ्याला काहीच अर्थ नाही का? आहे, आणि तो आपल्याच ख्रिस्ती बांधवांनी दाखवला आहे.

वसईच्या विहिरींचे गोडे पाणी टँकरमध्ये भरून विकले जाऊ लागले, तेव्हा ‘सुवार्ता’चे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी हरित वसईच्या चळवळीत रस्त्यावर उतरले. त्यात ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान सगळेच होते. फादर २०२४ मध्ये प्रभूघरी गेले. त्यांच्या लढ्याचा गाभा साधा होता. विहीर माझ्या वाडीत असली, तरी तिच्या तळाचे पाणी एकट्या माझे नाही. मी उपसून विकले की शेजाऱ्याच्या विहिरीत खारे पाणी चढते.

दुसरे उदाहरण नगर जिल्ह्यातले. स्वित्झर्लंडहून १९४८ मध्ये आलेले येशूसंघीय फादर हर्मन बाखर, लोकांचे ‘बाखर बाबा’. दुष्काळात धान्य वाटता वाटता त्यांच्या लक्षात आले की वाटलेले संपते, अडवलेले पाणी मात्र पुरते. त्यांच्या प्रयत्नातून भारत-जर्मनी पाणलोट कार्यक्रम आकाराला आला आणि १९९३ मध्ये ‘वॉटर’ ही संस्था उभी राहिली. संगमनेर तालुक्यातले दरेवाडी हे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारे गाव. तिथे १९९६ पासून लोकांनी डोंगरमाथ्यापासून काम सुरू केले. चर खणले, बांध घातले, झाडे लावली. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी स्वतःवर लादून घेतली. ज्यांच्या शेळ्या होत्या त्यांना ते जड गेले. पण पाणी जमिनीत मुरले, विहिरींना पाझर फुटले. बाखर बाबा २०२१ मध्ये गेले. त्यांनी कुणाला पाण्याची बाटली दिली नाही आणि कुणाला लांबच्या झऱ्यावरही नेले नाही. गावाला पाणी मुरवायला शिकवले.

‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?’ आपण सारे पोहऱ्याची चर्चा करतो, स्टीलचा की प्लास्टिकचा. बाबांनी आडाची काळजी केली.

आपण काय करू शकतो

या विचाराचा शेवट नुसत्या उसाशाने होऊ नये. धर्मग्राम म्हणून आणि कुटुंब म्हणून काही गोष्टी आपल्या हातात आहेत.

१. चर्चच्या आवारातील सण-समारंभात छोट्या बाटल्या टाळाव्यात. शुद्ध केलेले पाणी, तोटीचे पिंप आणि धुतलेले स्टीलचे पेले यात कमीपणा काही नाही. पेले विसळायला तरुणांनी पुढे यावे.

२. घराची व सोसायटीची टाकी ठरलेल्या मुदतीत धुवावी, पाणी वर्षातून एकदा तरी तपासून घ्यावे. शंका असेल तेव्हा पाणी खळखळून उकळावे. झऱ्याचे पाणी आणलेच, तर तेही उकळूनच मुलांना द्यावे.

३. आरओ यंत्र लावण्याआधी पाण्यातील क्षारांचे प्रमाण बघावे. ते लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असेल, तर क्षार काढायची सहसा गरज नसते. यंत्र असेलच, तर त्यातून बाहेर पडणारे पाणी फरशी, भांडी व झाडांसाठी वापरावे.

४. नळाला गढूळ किंवा कमी पाणी आले की एकट्याने जार न मागवता शेजाऱ्यांसह लेखी तक्रार करावी. आपल्याकडे जार असला तरी करावी. मागच्या चाळीसाठी करावी.

५. मार्च ते मे नाशिक रस्त्यालगत पाणपोई चालवावी. माठ, झाकण, ओगराळे आणि रोज पाणी बदलणारा एक माणूस, एवढेच तिला लागते. कुणाचे नाव, जात, धर्म विचारायचा नाही.

प्रभूने प्यालाभर थंड पाण्याचाही विसर पडणार नाही, असे वचन दिले आहे (मत्तय, अध्याय १०). तो प्याला झऱ्याचा असावा की नळाचा, याविषयी तो काही बोलला नाही. तो कुणाला दिला, एवढेच त्याने पाहिले. बाप्तिस्म्याच्या कुंडावर आपल्या प्रत्येकाच्या मस्तकावर पाणी ओतले गेले, तेव्हा कुणी ते विकत घेतले नव्हते, आणि श्रीमंताला वेगळे, गरिबाला वेगळे असेही नव्हते. चर्चच्या दारातील पवित्र पाण्यात बोट बुडवताना पुढच्या रविवारी ही आठवण व्हावी.

*प्रार्थना:* हे प्रभो, तू खडकातून पाणी दिलेस आणि विहिरीवर बसून पाणी मागितलेस. आमच्या घोटामागे ज्यांचे कष्ट व ज्यांची जमीन आहे, त्यांची आम्हांला आठवण दे. आमच्या वरच्यांनी आमच्यासाठी पाणी राखावे अशी आमची इच्छा आहे, तसे आमच्या खालच्यांसाठी ते राखण्याची सद्बुद्धी आम्हांला दे. आमेन.